सात खाचा

आत्या खाली येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. घर उतारावर होतं. वरच्या मजल्याचं दार वरच्या गल्लीत उघडायचं आणि खालच्याचं खालच्या रस्त्यावर, त्यामुळे मधला जिना न उतरता तिनं साठ वर्षं सहज काढली. खाली मास्तरांचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा संग्रह होता. अख्खा पश्चिम डोंगर तो बघून गेला, परदेशी पाहुणे आले, दोन मंत्री आले, पण वर राहणारी आत्या काही आली नाही. आणि आज, नेमका सरकारचा माणूस ताबा घ्यायला यायच्या दिवशी, ती जिन्यावर बसून एकेक पायरी घसरत खाली येत होती.

"अहो, बघा तरी," वहिनी नवऱ्याला म्हणाली. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा थोरला मुलगा, बघतच होता. बघण्यापलीकडे त्यानं काही केलं नाही. शेवटी वहिनीच हातातला तेलाचा बोळा टाकून धावली.

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "पडले तर माझी मी पडेन."

ती पडली नाही. शेवटच्या पायरीवर तिनं दम घेतला, काठी टेकून उठली आणि खोलीभर नजर फिरवली. खेचरांच्या घंटा, लोकर विंचरायचे लोखंडी कंगवे, बर्फात चालायचे वेताचे जोडे, मिठाच्या टोपल्या. तिनं कशातही रस दाखवला नाही. डावा पाय ओढत ती सरळ मधल्या काचेच्या कपाटापाशी गेली आणि त्याच्यासमोरच्या बाकावर बसली.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "हे सरकारला जाणार नाही."

वहिनीला आधी वाटलं, आत्याला सगळं घरच म्हणायचंय. गेले पंधरा दिवस घरात द्यायचं की नाही हेच चाललं होतं. वहिनी म्हणजे मास्तरांची थोरली सून. गावात तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले लोकही तिला वहिनीच म्हणत. मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी तिला 'महिनाभर तेवढं खाली बघशील का' असं विचारलं होतं. त्या महिन्याला आता तीस वर्षं झाली. लाकडाला तेल, लोखंडाला मेण, लोकरीत डांबरगोळ्या, आणि रोज येणाऱ्याजाणाऱ्याला तीच हकीकत. डांबरगोळ्यांच्या वासानं तिला खोकला जडला तो जडलाच. तिची मुलगी सपाटीवरच्या शहरात राहायची. तिच्या गॅलरीतून म्हणे काही म्हणजे काहीच दिसत नाही, नुसतं मैदान. वहिनीला ते काहीच नाही एकदा डोळे भरून बघायचं होतं. उद्या सकाळच्या बसचं तिकीट काढलेलं होतं, आणि दुपारी साहेबांनी ताबा घेतला की ती मोकळी होणार होती.

"आत्याबाई, हे म्हणजे कोणतं?" तिनं विचारलं.

आत्यानं काठीचं टोक काचेवर टेकवलं. आत मीठकाठी होती.

मीठकाठी म्हणजे संग्रहाचा जीव. दीड हात लांबीचं, आतून किंचित कोरलेलं जुनं लाकूड, वरच्या टोकाला बेचकं, एका अंगाला सात खाचा. समुद्रावरून मीठ आणणारे हमाल खिंड चढताना ही काठी रोवून बेचक्यात ओझं टेकवत, आणि सात खाचा म्हणजे मिठाच्या वाटेवरचे सात मुक्काम, हे पश्चिम डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. शाळेच्या पुस्तकात तो धडा होता. बसगाड्यांवर ती काठी रंगवलेली होती. एवढी आखूड कशी, असं मुलं हमखास विचारायची, आणि 'ओझं पाठीवर असलं की माणूस वाकतो ना' असं वहिनी हमखास सांगायची.

"ही माझ्या पायाची फळी आहे," आत्या म्हणाली. "सुतारदादानं केलेली. मास्तरदादानं एका दिवसापुरती मागून नेली होती."

थोरल्याचा धाकटा भाऊ खो खो हसला. वहिनी दचकली. थोरला बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

*

धाकट्याचं हसू फार टिकलं नाही. आत्या विनोद करत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

हा ताबा घडवून आणायला त्यानं चार वर्षं राजधानीत चपला झिजवल्या होत्या. या खात्यातून त्या खात्यात, या टेबलावरून त्या टेबलावर. खिंडीच्या पायथ्याशी त्याचं हॉटेल होतं. त्याचं नाव 'मीठकाठी', आणि दारावर पुरुषभर उंचीची लाकडी मीठकाठी, रात्री दिव्यांनी उजळणारी. लोकांना वाटायचं धाकट्याचं सगळं लक्ष हॉटेलात. पण मागच्या हिवाळ्यात संग्रहाचं छप्पर गळलं तेव्हा बर्फ उपसायला तोच आला होता, आणि थोरला वर जाऊन घोंगडी पांघरून बसला होता. धाकट्याला आता बर्फ उपसायचा कंटाळा आला होता.

"आत्या, आजच्या दिवशी हे काय नवीन?"

"नवीन कुठलं? जुनंच आहे. म्हणून तर इथे ठेवलंय ना?"

"अगं, तिघांची साक्ष झालीय या काठीला. बाबांचा नियम तुला माहीत नाही का?"

नियम सगळ्यांनाच माहीत होता. तीन वेगळ्या गावांतल्या तीन म्हाताऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगितल्याशिवाय मास्तर कुठल्याही वस्तूखाली चिठ्ठी लावत नसत. कित्येक वस्तू वर्षानुवर्षं बिनचिठ्ठीच्या पडून राहायच्या. त्या नियमावरच संग्रहाची सगळी अब्रू उभी होती.

"झाली ना साक्ष," आत्या म्हणाली. "काठी काचेत गेल्यावर महिन्यानं झाली. पहिला म्हणाला, असंच काहीतरी असायचं बहुतेक. दुसरा म्हणाला, असायचं. तिसऱ्यानं तर सांगितलं की माझा बाप हीच काठी धरून सातव्या मुक्कामाला मेला. मास्तर गावचा गुरुजी, त्याला नाही कोण म्हणणार? त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही."

"बरं, समजा असेल तुझी," धाकट्यानं आवाज खाली आणला. गिऱ्हाईक बिल बघून बिथरलं की तो याच आवाजात बोलायचा. "पण आता ती तुझी राहिलीय का? आज डोंगरातली माणसं तसल्या काठ्या खरंच करतात. खरंच ओझी टेकवतात. मिठाच्या वाटेच्या गाण्याची सात कडवी झालीत. साठ वर्षं लोकांनी मानलं की ते खरंच होतं, आत्या. इतिहास काय आभाळातून पडतो?"

"गाण्याला चार कडवी होती. मी लहानपणी म्हटलंय ते."

"तेच तर सांगतोय. वाढलं ना?"

"वाढलं," आत्या म्हणाली. "माझा पाय तेवढा वाढायचा राहिला."

धाकट्यानं मदतीसाठी वहिनीकडे पाहिलं. गेले पंधरा दिवस ती आणि तो एका बाजूला होते, थोरला नेहमीप्रमाणे कुंपणावर. पण वहिनी त्याच्याकडे बघत नव्हती. ती दारातून बाहेर बघत होती, जिथून थोरला नुकताच गाडी आली का बघायला म्हणून सटकला होता. धाकट्याला पहिल्यांदाच वाटलं की हे आज हातातून जाणार.

*

थोरला फाटकापाशी उभा होता. गाडी यायला अजून पुष्कळ वेळ होता.

"तुम्हाला माहीत होतं," वहिनी म्हणाली.

"काय?"

"काय म्हणून विचारू नका. आत्याबाई बोलल्या तेव्हा भावजी हसले, मी दचकले. तुम्ही बुटाची नाडी बांधायला वाकलात."

"सुटली होती नाडी."

"अहो, चपला आहेत तुमच्या पायात."

थोरल्यानं खाली पाहिलं. मग तो फाटकाच्या खांबाला टेकला आणि एकदम म्हातारा दिसायला लागला.

"बाबांनी जाताना सांगितलं," तो म्हणाला. "आणि शपथ घातली. शेवटी शेवटी त्यांना स्वतःलाच खरं काय ते आठवेनासं झालं होतं. एकदा म्हणायचे फळी आहे, एकदा म्हणायचे नाही रे, काठीच आहे. मी म्हटलं, जाऊ दे. कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडलं."

"तुझं काय?"

वहिनीनं तोंड उघडलं आणि आधी खोकलाच आला. तो थांबेपर्यंत थोरला तिच्या पाठीवरून हात फिरवावा की नाही या विचारात उभा राहिला.

"तीस वर्षं मी लोकांना सांगतेय," ती म्हणाली. "पोरांना सांगतेय. सात मुक्कामांची नावं तोंडपाठ, त्यातली तीन कुणी शोधून काढली देव जाणे. तुम्ही इथे अंगणात बसून ऐकत होतात. एकदाही तुम्हाला वाटलं नाही की हिला सांगावं? मी काय तुमच्याकडे नोकरीला होते का? नोकराला तरी सांगतात."

"तू इतकं मनापासून सांगायचीस," थोरला म्हणाला. "सांगितलं असतं तर तुला जमलं नसतं."

तो खरंच बोलत होता. तेच तिला जास्त लागलं. याला आपल्या कष्टाची नाही, आपल्या भोळेपणाची गरज होती, आणि तो यानं तीस वर्षं नीट जपून वापरला. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि तोही थकलेला. ती आत निघून गेली.

*

आत्या बाकावर एकटीच बसली होती. धाकटा वर फोनवर बोलत होता.

काचेमागे फळी फारच लहान दिसत होती. तिच्या आठवणीत ती मोठी होती. वयाच्या सातव्या वर्षी ती तापानं पडली. ताप गेला आणि पाय घेऊन गेला. मास्तरदादा तेव्हा नुकता शिकून आला होता. तो तिला पुस्तकं वाचून दाखवायचा. मधला भाऊ, सुतारदादा, वाचणाऱ्यांतला नव्हता. त्यानं दोरीनं तिचा पाय मोजला आणि आठवड्यात फळी केली. मुद्दाम लांब केली. "तू उंच होणार आहेस," तो म्हणाला. पहिल्या वर्षी वरचं टोक कमरेच्याही वर यायचं आणि बेचक्यात तिचा हात टेकायचा. शाळेत पोरं हसायची. मांडीचा पट्टा बसायला त्यानं एक खाच केली. दर वर्षी ती वाढली की दोरी घेऊन यायचा, पट्टा वर सरकवायचा, नवी खाच करायचा. सात वर्षांच्या सात. पाचवी खाच तिरकी आहे, कारण तेव्हा ती हसत होती आणि पाय हलला.

मग राजधानीतून प्राध्यापकांची तुकडी यायची ठरली. मास्तरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मीठ वाहणाऱ्यांची अस्सल काठी दाखवतो. वरच्या गावचा एक म्हातारा ती देणार होता. थंडी फार पडली, म्हाताऱ्यानं काठी चुलीत घातली. पाहुणे दारात आणि मधलं कपाट रिकामं. मास्तर वर आला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. एवढा मोठा भाऊ गुडघ्यावर बसलेला तिनं त्याआधी कधी पाहिला नव्हता. म्हणाला, एका दिवसापुरती दे. तिनं पट्टे स्वतःच सोडले. दिवसभर वर पलंगावर बसून ती खालच्या टाळ्या ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर तिला अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. रविवारी आणखी लोक येणार होते. सुतारदादा लाकूड तोडायला खिंडीपलीकडे गेला होता. परत आला तेव्हा मास्तराशी खूप भांडला आणि तिला म्हणाला, राहू दे त्याला ती, तुला नवी करतो, आता मोठ्या माणसाची. नव्या फळीचं लाकूड आणायला तो पुन्हा वर गेला आणि त्याच्यावर बर्फ कोसळलं. त्यानंतर फळी परत मागणं म्हणजे मास्तराला काय म्हणण्यासारखं होतं, हे चौदा वर्षांच्या मुलीलाही कळत होतं. ती गप्प बसली. पाय वाकडा होत गेला. मास्तर रोज तिच्या पायाकडे बघायचा आणि रोज जिना उतरून खाली जायचा.

पायासाठी आता तिला ती नकोच होती. पण सुतारदादाचा फोटोही नव्हता. त्याच्या हाताचं म्हणून जगात एवढंच उरलं होतं.

वहिनी आत आली, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, कपाट उघडलं आणि फळी आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्यानं ती उलटी केली, आतल्या कोरलेल्या बाजूवरून बोटं फिरवली.

"गुळगुळीत ठेवलीस," ती म्हणाली.

"दर पंधरा दिवसांनी तेल लावते."

"तो पण लावायचा." मग तिनं विचारलं, "ही नाही दिली तर तुझं जाणं अडतं का गं?"

वहिनीला खोटं बोलावंसं वाटलं. पण आजच्या दिवशी तेही जिवावर आलं.

"अडतं," ती म्हणाली. "भावजी म्हणतात, सरकार घेतंय ते हिच्यासाठीच. बाकीचं सामान कुठेही मिळतं."

"मग ठेव परत आत." आत्यानं फळी तिच्यापुढे धरली. "बोलले ते बोलले. म्हातारी माणसं बडबडतात. साठ वर्षं गप्प राहिले, अजून चार राहीन. तुझा खोकला रात्रभर वरपर्यंत ऐकू येतो मला. जा तू."

वहिनीनं फळी घेतली नाही. बाहेर गाडीचा आवाज आला.

*

साहेबांना वळणांनी गाडी लागली होती. ते आत आले, आधी पाणी मागितलं, मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला डोळे मिटून बसले. चांगला माणूस होता. हिशेबाच्या खात्यातून संस्कृतीत बदली झालेली, निवृत्तीला दीड वर्ष, आणि अशा किती गावांतलं जुनं लाकूड ताब्यात घेतलंय त्याची त्यांना शुद्ध नव्हती.

धाकट्यानं जिना उतरता उतरता उघडं कपाट पाहिलं, आत्याच्या मांडीवरची फळी पाहिली आणि तो वहिनीपाशी आला.

"वहिनी, मी हात जोडतो," तो पुटपुटला. "रोज सांगता तेच एकदा सांगा. शेवटचं. उद्या तुमची तुम्ही बसमध्ये असाल. आत्याला नंतर हुबेहूब दुसरी करून देऊ."

"हं," साहेबांनी डोळे उघडले. "तीच का ती? वाहवा. चित्रात मोठी वाटते. सांगा बाई, तुमच्या तोंडून ऐकायचं असं मला सांगितलंय वरून."

वहिनी उभी राहिली. शब्द तोंडातच होते. समुद्रापासून खिंडीपर्यंत, ऊन-बर्फात, पाठीवर मीठ घेऊन, अशी सुरुवात असायची, आणि तिला विचार करावा लागायचा नाही. झोपेत उठवलं असतं तरी म्हटलं असतं तिनं. समोर थोरला दारात उभा होता, वर बघत. धाकटा जोडलेले हात तसेच धरून होता. आत्या मात्र तिच्याकडे बघून मान हलवत होती. सांग, सांगून टाक आणि जा, असं.

"ही पायाची फळी आहे," वहिनी म्हणाली. "लहान मुलीच्या. या आत्याबाईंच्या. त्यांच्या भावानं केलेली. या खाचा पट्ट्याच्या आहेत, दर वर्षी एक. मिठाशी हिचा काही संबंध नाही."

धाकट्याचे जोडलेले हात खाली आले.

"बाई," साहेब सावकाश म्हणाले, "मला अजून गरगरतंय. मी पुन्हा विचारतो. तुम्ही शांतपणे उत्तर द्या. ही काय वस्तू आहे?"

"पायाची फळी."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. "सातही मुक्कामांवर आम्ही दगडी फलक उभे केलेत. मी स्वतः उभं राहून करून घेतलेत. आता मी वर जाऊन काय सांगू? की ते एका मुलीच्या पायाचं होतं?"

"माझ्या पायाचं," आत्या म्हणाली. "सांगा ना. मी जिवंत आहे."

"तोच तर त्रास आहे हो," साहेब म्हणाले, आणि लगेच ओशाळले. "माफ करा. तसं नाही. पण आता समिती बसवावी लागेल. ती येईल, बघेल, मग ठरेल. तोवर मला ताबा घेता येणार नाही."

"किती दिवस?" धाकट्यानं विचारलं.

"दिवस नाही हो," साहेब म्हणाले. जाता जाता ते आत्यापाशी थांबले. "मला बघू का एकदा?" असं विचारून त्यांनी तिरक्या खाचेवर अंगठा ठेवला. त्यांना बहुतेक काहीतरी चांगलं बोलायचं होतं. ते न बोलताच गाडीत जाऊन बसले.

*

"झालं सगळ्यांचं समाधान?" गाडी वळणाआड गेल्यावर धाकटा म्हणाला. "चार वर्षं गेली पाण्यात. आणि माझ्या पाटीचं काय करू आता? दारावर लावलीय ती."

"राहू दे की," आत्या म्हणाली. "माझा पाय आहे तुझ्या दारावर. बरकत येईल."

धाकट्याच्या तोंडून हसू निसटलं. ते त्यानं आवरायचा प्रयत्न केला, पण तो दमला होता, त्यामुळे जमलं नाही. तो बाकावर आत्याशेजारी जाऊन बसला. मग त्यानं तिच्या डाव्या पायाकडे बघून विचारलं, "दुखतो का गं अजून?"

"थंडीत."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

थोरला दारातून आत आला. वातावरण निवळलं असं पाहिल्याशिवाय तो कधीच आत येत नसे.

"समिती म्हणजे दोन-तीन वर्षं धरून चालू," तो म्हणाला. "ठीक आहे. तोवर काय, ही आहेच."

ही म्हणजे वहिनी. ती कपाटाचं दार लावत होती. तिचा हात थांबला.

"ही नाही," ती म्हणाली. "मी उद्याच्या बसनं जातेय."

"अगं पण ताबा तर..."

"ताबा त्यांनी घेतला नाही. मी सोडला. मला इतकी वर्षं वाटत होतं, कुणीतरी घेतल्याशिवाय सोडता येत नाही."

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं छताकडे. म्हणजे आता दोघंही एका बाजूला होते, आणि बाजू रिकामीच होती.

"मग बंद करायचं का?" थोरला म्हणाला. "बाबांचं सगळं?"

"बंद कशाला?" आत्या म्हणाली. "मी बसते."

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"असं काय बघता? तोंड धड आहे माझं. हाताची खुर्ची लागेल, हा बाक टोचतो. आणि त्या घाणेरड्या गोळ्या उद्यापासून बंद, कसर खाते तर खाऊ दे चार लोकरी. लोक काठी बघायला येतील. मी त्यांना फळी दाखवीन, आणि पायही दाखवीन. ऐकायचं त्यांनी ऐकावं, नाही तर पुढे जावं. बाहेर डोंगर पडलाय बघायला."

"आत्या, तुला जिना..." धाकटा म्हणाला.

"हा आहे ना," तिनं काठीनं थोरल्याकडे दाखवलं. "सकाळी खाली आणायचं, संध्याकाळी वर न्यायचं. एवढं जमेल त्याला. तुझ्या बापानं गुडघे टेकले होते, तू पाठ दे."

थोरल्यानं जिन्याकडे पाहिलं. वहिनीनं कमरेचा जुडगा सोडून आत्याच्या मांडीवर, फळीशेजारी ठेवला. आता काहीतरी म्हणायला हवं होतं. ती खाली वाकली आणि तिनं आत्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. सून म्हणून घरात आल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. आत्यानं तिचं डोकं थोपटलं, जरा जोरातच. तिलाही सवय नव्हती.

"कधी येशील?" थोरल्यानं विचारलं.

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. काही दिवसांनी, असं म्हणणं सोपं होतं. या घरात सगळं तसंच घेतलं-दिलं गेलं होतं.

"येणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं तर तुम्ही या. मुलीकडे जागा आहे. पण मी येणार नाही."

आता तो भांडेल, नाही तर नेहमीसारखा अंगणात जाईल, असं तिला वाटलं. तो कपाटापाशी गेला, काचेतून आत डोकावला आणि कोपऱ्यातली छोटी वाटी त्याला दिसली.

"हा ओल शोषायला चुना ठेवतेस ना," तो म्हणाला, "तो किती दिवसांनी बदलायचा?"

तीस वर्षांत या खोलीबद्दल त्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. वहिनीनं उत्तर दिलं. पावसाळ्यात लवकर, थंडीत उशिरा, हाताला ओलसर लागला की. त्यानं ते स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. मग ती बॅग भरायला वर गेली.